पडद्यावरचे तक्ते गावाच्या दप्तरात

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून साठवण क्षमता 14 लाख 47 हजार 363 दशलक्ष लिटर आहे. त्यातली 7 लाख 17 हजार 37 दशलक्ष लिटर एकट्या भातसा धरणाची. म्हणजे महानगराच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा साठा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात अडवलेला आहे आणि 1892 साली पुरे झालेले तानसाही याच तालुक्यात आहे. तरीही कसाऱ्यापासून डोळखांबपर्यंतच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती शहापूरकरांना कोणी समजावून सांगायला नको. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. या विसंगतीचे बरेचसे आकडे आज सरकारी संकेतस्थळांवर उघडे आहेत: धरणांतला रोजचा साठा, गावनिहाय नळजोडण्या, रोजगार हमीची कामे, महसूल मंडळनिहाय पाऊस, बाजार समित्यांतले भाव. कुणीही ते पाहू शकतो. पण यातली बरीच पाने फक्त आजचा दिवस दाखवतात. उद्या नवा आकडा आला की कालचा जातो, आणि मार्चमध्ये पडद्यावर काय होते असे मे महिन्यात विचारले तर हातात काहीच नसते. म्हणून माझे म्हणणे असे की गावाने आपल्या कामाचे तक्ते ठरलेल्या दिवशी उतरवून, तारखेसह, स्वतःच्या दप्तरात ठेवले पाहिजेत. ब्राउझरमध्ये बसणारे एक छोटे एक्स्टेन्शन हे काम काही मिनिटांत करते. ते कसे वापरायचे, फसगत कुठे होते आणि कुठे हात आवरायचा, याचा हा विचार आहे.

कागद पाहता येणे आणि त्याची नक्कल हातात असणे यांत किती अंतर आहे, हे राजस्थानातल्या मजुरांनी तीस वर्षांपूर्वी दाखवून दिले. मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. भर गावात हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचली गेली, आणि कामावर कधीच न आलेल्या माणसांची हजेरी, न झालेली कामे लोकांनीच ओळखली. त्यावर सरकारची भूमिका अशी झाली की कागद पाहा, हवे तर हाताने टिपून घ्या, पण छायाप्रत मिळणार नाही. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणे चालले, त्यातली मुख्य मागणी नकलेची होती. त्या चळवळीचा मोठा वाटा 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात आहे. मजूर नकलेसाठी अडून बसले याचे कारण साधे होते. पाहिलेला आकडा नंतर नाकारता येतो आणि हाताने टिपलेल्यावर ‘चुकीचे उतरवले’ असे म्हणता येते. नक्कल असली की बोलणे कागदावर येते. आजची अनेक पोर्टले पुन्हा त्याच जागी उभी आहेत. तक्ता दिसतो, पण उतरवून घेण्याचे बटण नसते. असलेच तर त्यातून पीडीएफ निघते, ज्यातल्या आकड्यांची बेरीज करता येत नाही. छायाप्रतीची जागा आता एक्स्टेन्शन घेते.

ते नेमके काय करते हे समजले की त्याची भीती कमी होते आणि त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही राहत नाहीत. पानावर दिसणारा तक्ता म्हणजे चित्र नव्हे. त्याच्यामागे ओळी आणि रकाने खुणांनी वेगळे केलेला मजकूर असतो, आणि ब्राउझर तो वाचून चौकटी मांडतो. ‘टेबल कॅप्चर’, ‘कॉपीटेबल्स’, ‘इन्स्टंट डेटा स्क्रेपर’ यांसारखी एक्स्टेन्शन्स ब्राउझरने मांडलेली तीच रचना वाचतात आणि एक्सेल, गूगल शीट्स किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवतात. संकेतस्थळाच्या आतल्या साठ्यात ती शिरत नाहीत. तुमच्या ब्राउझरमध्ये जे उघडले आहे तेवढेच त्यांच्या हाती लागते. तक्ता चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर त्यांचा काही उपयोग नाही, तो हातानेच भरावा लागतो. दरवेळी एक्स्टेन्शन लागते असेही नाही. साधा तक्ता माऊसने निवडून गूगल शीट्समध्ये चिकटवला तरी रकाने बहुधा नीट बसतात. पानाचा पत्ता कायम असेल तर गूगल शीट्सचे ‘इम्पोर्टएचटीएमएल’ हे सूत्र किंवा एक्सेलमधली ‘फ्रॉम वेब’ ही सोय चालते. पण सरकारी पोर्टलवर अनेकदा जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडल्यावरच तक्ता येतो, पानाचा पत्ता मात्र तोच राहतो. सूत्राने तालुका निवडलेला नसतो, म्हणून ते रिकाम्या हाताने परतते. तुमच्या ब्राउझरमध्ये ठाणे जिल्हा निवडलेला आहे, शहापूर निवडलेले आहे, तक्ता समोर आहे. एक्स्टेन्शन खरोखर उपयोगी पडते ते इथे.

धोकाही याच गुणातून येतो. जे एक्स्टेन्शन तक्ता वाचू शकते ते परवानगी मिळाली तर बँकेचे पानही वाचू शकते. बसवताना सगळ्या संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागितली जाते आणि आपण न वाचता होकार देतो. आज चांगले असलेले एक्स्टेन्शन उद्याही चांगले राहील याची हमी नसते. ‘द ग्रेट सस्पेन्डर’ हे वीस लाखांहून अधिक लोकांच्या ब्राउझरमध्ये बसलेले एक्स्टेन्शन 2020 मध्ये मूळ कर्त्याने विकले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलला ते घातक ठरवून काढून टाकावे लागले. डिसेंबर 2024 मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपनीच्या एक्स्टेन्शनमध्ये हल्लेखोरांनी घातक आवृत्ती घुसवली. यावर उपाय आहे, तो कसोशीने पाळायला हवा. क्रोममध्ये या कामासाठी वेगळे प्रोफाइल तयार करा, त्यात बँक, ईमेल, डिजिलॉकर असे काहीही उघडू नका आणि एक्स्टेन्शन फक्त तिथेच बसवा. एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ‘साइट अॅक्सेस’ हा पर्याय ‘ऑन क्लिक’ वर ठेवा, म्हणजे तुम्ही बटण दाबाल तेव्हाच ते पान वाचेल. काम झाले की बंद करा. आणि आपले सरकार सेवा केंद्राच्या संगणकावर ते कधीही बसवू नका. त्या संगणकावर दिवसभर दुसऱ्यांचे आधार क्रमांक, दाखले, खातेक्रमांक उघडे असतात. गावासाठी पाण्याचे आकडे जमवताना शेजाऱ्याची कागदपत्रे उघड्यावर पडली तर त्या कामाला काही अर्थ राहत नाही. ग्रंथालयाचा, शाळेचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाचा लॅपटॉप या कामाला पुरतो.

आता प्रत्यक्ष काम. जलजीवन मिशनचे उदाहरण घेऊ, कारण शहापूर-मुरबाड तालुक्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या या योजनेत 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी असे उद्दिष्ट होते. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत 2028 पर्यंत वाढवली. पोर्टलवर गावनिहाय एकूण घरे आणि नळजोडणी मिळालेली घरे दिसतात. तालुका निवडून तक्ता उघडला की एक्स्टेन्शनचे बटण दाबण्याआधी तक्त्याच्या वर-खाली नीट पाहा. अनेक तक्ते एका वेळी दहाच ओळी दाखवतात, आणि एक्स्टेन्शन बऱ्याचदा त्या दहाच उतरवते. आधी ‘सर्व’ किंवा सगळ्यात मोठा आकडा निवडा. तशी सोय नसेल तर एकेक पान पुढे नेत उतरवा. ‘इन्स्टंट डेटा स्क्रेपर’ला पुढच्या पानाचे बटण दाखवून दिले की तेच पाने उलटत जाते. उतरवल्यावर ओळी मोजा आणि पोर्टलने सांगितलेल्या संख्येशी ताडून पाहा. शेवटची ‘एकूण’ची ओळ वेगळ्या जागी काढून ठेवा, नाहीतर बेरीज दुप्पट होईल. मग बाकीच्या ओळींची बेरीज स्वतः करून त्या ‘एकूण’शी जुळवा. जुळली तर नक्कल पूर्ण आहे. नाही जुळली तर काहीतरी सुटले आहे, किंवा पोर्टलचीच बेरीज चुकली आहे. दोन्हींपैकी काय झाले ते त्याच दिवशी शोधून लिहून ठेवायचे.

यानंतरचे दोन मिनिटांचे काम बहुतेक जण टाळतात आणि पुढे सगळी मेहनत त्यामुळेच वाया जाते. प्रत्येक ओळीत चार रकाने स्वतःचे वाढवा: कोणत्या दिवशी उतरवले, कोणत्या पानावरून, कोणते पर्याय निवडून, आणि उतरवले कोणी. फाइलच्या नावात तारीख घातली तरी ती पुरत नाही, कारण पाच फाइली एकत्र केल्या की कोणती ओळ कधीची हे कळत नाही. टक्केवारी कधीच एकटी उतरवू नका. एकूण घरे आणि जोडण्या हे दोन्ही आकडे घ्या. पुढच्या महिन्यात टक्केवारी वाढलेली दिसली तर ती नळ वाढल्यामुळे वाढली की एकूण घरांचा आकडा खाली आल्यामुळे, हे दोन्ही रकाने असल्याशिवाय कळणार नाही. गावांच्या नावांवर विसंबू नका. कसारा बुद्रुक आणि कसारा खुर्द ही दोन वेगळी गावे एका पानावर पूर्ण नावाने येतात, दुसऱ्यावर इंग्रजी आद्याक्षरांनी, आणि तिसऱ्यावर स्पेलिंगच निराळे असते. गावाचा सांकेतिक क्रमांक उपलब्ध असेल तर तो रकाना जरूर घ्या. दोन वेगळ्या खात्यांचे तक्ते जोडताना तोच भरवशाचा दुवा आहे. ज्या गावात पाच-सात पाडे लांब लांब पसरले आहेत तिथे पाड्यांचा रकाना स्वतः वाढवावा लागेल, आणि तो संगणकावर नाही, पायी फिरून भरावा लागेल.

स्प्रेडशीट हे आकड्यांसाठी बनवलेले साधन आहे, म्हणून ते दिसेल त्याचा आकडा किंवा तारीख करायला पाहते. जमिनीच्या नोंदी उतरवणाऱ्यांना याचा फटका हमखास बसतो. गट क्रमांक आणि हिस्सा ‘7/2’ असा असेल तर एक्सेल त्याची 7 फेब्रुवारी करते, आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 2 जुलै. एकदा तारीख झाली की मूळ आकडा परत मिळेलच असे नाही. यात आपल्या अडाणीपणाचा दोष मानू नये. ‘मार्च1’, ‘सेप्ट2’ अशा नावांच्या मानवी जनुकांच्याही एक्सेल तारखा करत असे. संशोधनाच्या तक्त्यांत इतक्या चुका शिरल्या की जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2020 मध्ये ती नावेच बदलली. उपाय असा की फाइल थेट उघडण्याऐवजी एक्सेलमधल्या ‘डेटा’ या भागातून ती आत घ्यायची आणि गट क्रमांक, सांकेतिक क्रमांक असे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून जाहीर करायचे. हीच वाट मराठीसाठीही लागते. सीएसव्ही फाइल थेट उघडली की देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात आणि लोक समजतात की नक्कल बिघडली. नक्कल बहुधा ठीक असते. आत घेताना ‘यूटीएफ-8’ हा पर्याय निवडला की मराठी सरळ दिसते. गूगल शीट्स आणि लिबरऑफिसमध्ये हा त्रास कमी होतो. देवनागरीत छापलेल्या अंकांना एक्सेल मजकूर समजते. रकान्यात आकडे उजवीकडे सरकलेले असावेत. डावीकडे चिकटून बसले असतील तर त्यांची बेरीज होणार नाही. तारखांचेही तसेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 05/06/2025 रोजी खुला झाला, पण अमेरिकी मांडणीच्या शीटला तो दिवस 6 मे वाटतो. शीटच्या सेटिंगमध्ये देश म्हणून भारत निवडणे, ही पहिल्याच दिवशी करायची गोष्ट आहे. या बारकाव्यांना क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने एक्सेलचा जुना प्रकार वापरला, ज्यात 65 हजार 536 ओळींपलीकडे जागाच नव्हती, आणि 15,841 कोविड रुग्ण काही दिवस मोजणीतून गळले.

बाजारभावाच्या तक्त्याचा उपयोग शेतकरी गटांना लगेच होतो. भात निघाल्यावर शहापूर-मुरबाडमध्ये जिथे पाणी आहे तिथे भेंडी, काकडी अशी पिके होतात, आणि माल कल्याणला न्यायचा की वाशीला हा निर्णय बहुधा कालच्या ऐकीव भावावर होतो. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर शेतमाल निवडला की बाजार समिती, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने येतात. तारीख कधी कधी वेगळ्या आडव्या ओळीत असते आणि तिच्याखाली त्या दिवसाच्या बाजार समित्या. नक्कल घेतल्यावर ती तारीख खालच्या प्रत्येक ओळीत भरून घ्यावी लागते, नाहीतर शीट क्रमाने लावताच कोणता भाव कोणत्या दिवसाचा ते कायमचे हरवते. परिमाण पाहिल्याशिवाय दर वाचू नका. फळभाजी क्विंटलने असते आणि पालेभाजी अनेकदा नगावर. आणि सर्वसाधारण दराशेजारी आवक ठेवाच. दोन क्विंटल आवकेवर निघालेला चढा भाव तुमचा टेम्पो पोहोचेपर्यंत टिकेल असे मानणे धोक्याचे आहे. एका दिवसाच्या तक्त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. एक पूर्ण हंगाम, आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, दोन बाजार समित्या, एवढे जमले तरी वाहतूक आणि हमाली वजा जाता कोणता बाजार परवडतो याचे उत्तर गटाच्या स्वतःच्या आकड्यांतून मिळू लागते.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की पोर्टलवरचे आकडेच खरे नसतात. पडद्यावर नळ असतो, पाड्यावर नसतो. मग खोटा आकडा नीट उतरवून काय साधणार? हा आक्षेप गावोगावी ऐकू येतो, आणि त्यातली व्यथा खरी आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा असायला हवा. पोर्टलचा आकडा हा आपल्यासाठी सत्य नसून शासनाचा दावा आहे, आणि दाव्याला उत्तर द्यायचे तर तो आधी तारखेसह आपल्या हाती पाहिजे. पाड्यावर पाणी नाही असे नुसते सांगितले की ती तक्रार होते आणि तक्रारीला ‘काम प्रगतीपथावर आहे’ एवढे उत्तर पुरते. पण अमुक तारखेला तुमच्याच पानावर या गावातली सगळी घरे नळाला जोडलेली दाखवली आहेत, त्याच आठवड्यात त्याच गावाला टँकर येत होता, आणि आम्ही घरोघरी जाऊन पाहिलेली यादी ही अशी आहे, असे तीन रकाने शेजारी ठेवले की उत्तर देणाऱ्याला तीनपैकी एक खोडावा लागतो. ब्यावरच्या मजुरांना हजेरीपटाची नक्कल हवी होती ती हजेरीपट खरा होता म्हणून नव्हे. धरणांच्या पातळीचेही असेच आहे. भातसात रोज किती साठा आहे हा आकडा एकटा पाहिला तर तो मुंबईच्या पाणीकपातीची बातमी असतो. त्याच्या शेजारी वाशाळा, विहीगाव भागात पहिला टँकर कधी आला तो दिवस लिहिला की तो शहापूरच्या नियोजनाचा प्रश्न होतो. धरणात पाणी शिल्लक असताना किती दिवस गाव टँकरवर होते, याचे उत्तर कोणत्याही एका खात्याच्या पानावर मिळणार नाही. दोन पाने जोडल्यावरच ते दिसते, आणि जोडण्याचे काम गावाचेच आहे, कारण ज्या खात्याला हे जोडून पाहायची निकड आहे असे खातेच नाही.

हे कायद्यात बसते का, हा प्रश्नही रास्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकातून डेटा काढून घेण्याविरुद्ध तरतूद आहे. पण माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सार्वजनिक प्राधिकरणांना माहिती आपणहून, लोकांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करायला सांगते, आणि लोकांसाठी प्रसिद्ध केलेला, लॉगिन न करता दिसणारा, व्यक्तींची नावे नसलेला तक्ता एका गावाच्या अभ्यासासाठी उतरवणे याला चोरी म्हणता येणार नाही. मर्यादा मात्र ठरवून घ्यायला हव्यात. जिथे लॉगिन लागते, जिथे पानाच्या अटी मनाई करतात, जिथे कॅप्चा भरावा लागतो तिथे थांबावे. सातबाऱ्याच्या पानावर कॅप्चा आहे कारण तो उतारा एकेका माणसाने एकेक करून पाहावा अशी अपेक्षा आहे. तो चुकवून हजारो उतारे ओढणे हे गावाचे काम नव्हे. सर्व्हरवर ताण येईल असे दर मिनिटाला पान उघडत बसणेही टाळावे. आपल्या कामाला आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते.

याहून अवघड प्रश्न नावांचा आहे. रोजगार हमीचे हजेरीपट, घरकुलांच्या याद्या यांत माणसांची नावे उघडी असतात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, कायद्याच्या बंधनामुळे प्रसिद्ध झालेल्या माहितीला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, म्हणून ती नावे उतरवायला हरकत नाही असा युक्तिवाद होऊ शकतो. तो मला पटत नाही. पोर्टलवर विखुरलेली नावे आणि एका शीटमध्ये गाव, वाडी, कामाचे दिवस, थकलेली मजुरी यांसह रांगेत लावलेली नावे यांत फरक आहे. कातकरी वाडीतल्या कोणत्या घराला किती आठवडे मजुरी मिळाली नाही याची तयार यादी वीटभट्टीच्या मुकादमाच्या फोनवर पोहोचली, तर बयाणा कुणाला द्यायचा आणि किती कमी भावात माणूस बांधून घ्यायचा हे त्याला घरबसल्या कळेल. अशी यादी व्हॉट्सअॅपवर एकदा गेली की परत येत नाही. म्हणून नावे, जॉबकार्ड क्रमांक, खातेक्रमांक हे रकाने उतरवतानाच वगळावेत, उतरवून मग पुसू नयेत. उशीर मोजायला वाडी, काम, हजेरीची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख एवढे पुरते. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्याने मजुरीसाठी पंधरा दिवसांची मुदत आणि त्यापुढच्या उशिराला भरपाई ठरवली होती. ही मुदत किती वेळा उलटली हे एकाही नावाशिवाय मोजता येते.

माहिती अधिकारात अर्ज केला तर हे सगळे कशाला, असे काही जण विचारतील. अर्ज जरूर करावा, पण उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे, आणि उत्तरात येतो तो त्या दिवशीचा आकडा, तोही बहुधा कागदावर. मार्चमधला आकडा मार्चमध्ये उतरवलेला असेल तरच अर्जात नेमका प्रश्न विचारता येतो. मोबाइलवर काय करायचे, ही अडचण या भागात सगळ्यात खरी आहे. अँड्रॉइडवरचे क्रोम एक्स्टेन्शन चालू देत नाही. फायरफॉक्समध्ये 2023 च्या अखेरीपासून बरीच एक्स्टेन्शन्स मोबाइलवरही बसतात, पण छोट्या पडद्यावर ओळी मोजणे, बेरीज ताडणे जिकिरीचे होते. त्यापेक्षा गटातल्या एकाने लॅपटॉपवर उतरवावे आणि बाकीच्यांनी सामायिक गूगल शीट मोबाइलवर तपासावी. घाटाच्या पायथ्याशी नेटवर्क जाते-येते. पान एकदा पूर्ण उघडले की ते संगणकावर साठवून ठेवावे. एक्स्टेन्शनला साठवलेल्या फाइली वाचण्याची परवानगी दिली तर नक्कल नंतर, नेटवर्क नसतानाही काढता येते. फोटो काढून एखाद्या चॅटबॉटकडून तक्ता करून घेण्याची पद्धत आता रुळते आहे. चित्रावरून वाचताना 3 चा 8 होऊ शकतो आणि तो चूक वाटत नाही, हीच त्यातली खोट आहे. एक्स्टेन्शन पानावरची अक्षरे जशीच्या तशी घेते. तक्ता चित्रातच असेल तर मात्र फोटोचा मार्ग वापरून प्रत्येक आकडा दोघांनी मिळून ताडावा.

नक्कल कुणासमोर ठेवायची असेल तर तिच्याबरोबर मूळ पानाची साक्ष हवी, कारण स्प्रेडशीटमधला आकडा कुणीही बदलू शकतो. तक्ता उतरवताना तेच पान छापण्याच्या पर्यायातून पीडीएफ म्हणून साठवा आणि शीर्षक-तळटीप चालू ठेवा, म्हणजे पत्ता आणि तारीख कागदावर येते. पान साध्या पत्त्यावर उघडत असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्येही त्याची प्रत टाका. तिथली तारीख तुमच्या हातात नसते, म्हणून तिचे वजन अधिक. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी प्रमाणपत्र लागते, हे ध्यानात असू द्यावे. ग्रामसभेसाठी मात्र एवढे लागत नाही. 1 मेची ग्रामसभा ऐन टंचाईत येते. त्या दिवशी पन्नास रकान्यांची शीट कुणी वाचणार नाही. गाव किंवा पाडा, पोर्टलवरचा आकडा आणि त्याची तारीख, प्रत्यक्ष पाहणीचा आकडा, टँकर सुरू झाल्याचा दिवस, असा एका पानाचा मोठ्या अक्षरातला तक्ता भिंतीवर लावावा, मोठ्याने वाचावा, चुका सांगायला लोकांना वेळ द्यावा आणि दुरुस्त झालेला तक्ता ठरावाला जोडावा. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा कायद्याखाली पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते, आणि पाड्याचा रकाना तिथेच सगळ्यात नेमका भरला जाईल. ठरावासोबत एक अर्जही जावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) प्रमाणे संगणकात असलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच मागता येते. तेव्हा हाच तक्ता दर महिन्याला एक्सेल फाइलमध्ये, गावाच्या सांकेतिक क्रमांकासह मिळावा, असे त्यात लिहावे. फाइल नियमित येऊ लागली तर एक्स्टेन्शन काढून टाकायला हरकत नाही.